विरहाचा उपास

दैवशाला सास्तूरला पिठाची गिरणी चालवते. तिचा नवरा गौरीशंकर शाळेत कारकून. शाळा सुटली की त्याच्या अंगात नाटक संचारतं. यंदा गावच्या जत्रेसाठी त्यानं स्वतःच एक विनोदी नाटक लिहिलं. राजपुत्र राजकन्येसाठी झुरतो, सुस्कारे टाकतो. ती मात्र माळ घालते रोज भाकरी आणून देणाऱ्या माळ्याच्या गळ्यात. राजपुत्राचं सगळं हसंच होणार होतं, पण भरजरी अंगरखा त्याच्याच वाट्याला होता. म्हणून तो पार्ट गौरीशंकरनं स्वतःकडं ठेवला.

पडद्यामागून वाक्यं सांगायचं काम दैवशालाकडं. "चंद्रमुखी, तुझ्या एका कटाक्षासाठी प्राण ओवाळून टाकीन," हे तिनं तालमीत पन्नासदा ऐकलं. लग्नाला बावीस वर्षं झाली, तिच्या वाट्याला आलेलं सगळ्यात गोड वाक्य म्हणजे, "आज कालवण बरं झालंय."

प्रयोगाच्या दिवशी गौरीशंकर सकाळपासून उपाशी. "विरहात माणूस वाळलेला दिसाय पाहिजे," म्हणाला. शुगरची गोळी मात्र शिस्तीत गिळली.

"अवं, गोळी घेतलीय तर चार घास खावा की."

"तुला कलेतलं कळत न्हाय."

संध्याकाळी पडदा वर गेला. दुसऱ्या प्रवेशात राजपुत्र गुडघ्यावर बसला. समोर राजकन्या म्हणून अंगणवाडीताई गायत्री. राजपुत्राचे ओठ थरथरले, घाम कपाळावरून मिशीत उतरला, शब्द अडखळले. "काय काम करतोय गडी!" म्हणत लोकांनी टाळ्या पिटल्या. टाळी पडली की हा हमखास मान लववणारा माणूस. आज मान हलली नाही, तशी दैवशालानं ओळखलं, ह्याची शुगर उतरलीय. तिनं वही टाकली, चहाच्या सामानातली मूठभर साखर पाण्यात ढवळली आणि पिठानं भरलेल्या साडीनिशी थेट राजवाड्यात शिरली.

"प्या."

राजपुत्रानं डोळे किलकिले केले. "तू... कोण?"

"बायको हाय तुमची. प्या आधी."

मांडवात हशा उसळला. गायत्रीला वाटलं, नाटक सावरावं. "राजकुमार, दासी काय म्हणतीय ते ऐका!"

"दासी कुणाला म्हणतीस गं?" दैवशालानं एका हातानं त्याची मान धरली, दुसऱ्यानं पेला त्याच्या तोंडाला लावला. "सकाळधरनं उपाशी हाय ह्यो माणूस तुझ्यापायी. एक घास तरी दिलास का?"

गायत्री खरोखरच ओशाळली. माळी झालेल्या बशीरनं फडक्यातली भाकरी पुढं केली. राजपुत्र अंगरख्यासकट मांडी घालून खाऊ लागला आणि अख्खं गाव त्याचं जेवण व्हायची वाट बघत बसलं. चेहऱ्यावर रंग आल्यावर त्यानं हळूच विचारलं, "पुढचं वाक्य काय?"

"कुठलं बी म्हणा. पण बसून म्हणा."

नाटक गाजलं. भूमहून बोलावणं आलं, पण अट अशी की साखरपाण्याची बाई पाहिजेच. गौरीशंकरनं तिच्यासाठी 'प्राणनाथ, हे अमृत प्राशन करा' असं काहीबाही लिहून दिलं. तिनं कागद घडी करून ब्लाऊजमध्ये खोचला आणि भूमच्या रंगमंचावर मनातलं बोलली. टाळ्या सगळ्या तिला. परतीच्या एसटीत हा खिडकीबाहेर बघत फुगून बसला.

तिसऱ्या दिवशी गिरणीवर आला. तिथल्या घरघराटात ओरडूनच म्हणाला, "धाराशिवच्या स्पर्धेला नावं द्यायचीत. तुझं कितव्या नंबरला लिहू?"

"पहिल्या," दैवशाला म्हणाली आणि पुढचा डबा ओतला.