जित्या माणसाला सांगायचं नाही

समोरचा माणूस बोलायला लागला की बातमीबाई त्याच्याकडे बघायचं सोडून देत. मान वळवून एखाद्या डोंगराकडे, नाहीतर भिंतीकडे नजर लावून बसत. नव्या माणसाला तो अपमान वाटे. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाल्या, "तोंडाकडे बघितलं की माणूस सांभाळून बोलतो. नाही बघितलं की स्वतःशी बोलल्यासारखं बोलतो."

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांपुरती बातम्यांची आणि राजकीय भाष्याची एक वेबसाइट त्या चालवत, म्हणून लोक त्यांना बातमीबाई म्हणत. उमेदीची वर्षं पुण्यातल्या एका दैनिकात गेली, मग आंबवड्याला, माहेरच्या गावी येऊन राहिल्या. नसरापुरात माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान. त्याच्या मागच्या खोलीत आमची कचेरी होती. त्या लिहायच्या, मी वेबसाइटवर चढवायचो. कोण कुठल्या पक्षात गेला, धरणाचं पाणी कुठं अडलं, कोणत्या डोंगरावर कुणी प्लॉट पाडले, सगळं त्यात यायचं. पण सर्वांत जास्त वाचलं जाई ते निधनवृत्तांचं पान. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं निधनवृत्त बाई तसंच टाकू देत नसत. कामथडीचं असो की वरव्याचं, घरच्या माणसाशी बोलून खात्री करत. "माणसाला आपल्या हातून मरण येता कामा नये," म्हणत.

वेल्ह्याकडच्या डोंगरात शेळ्यामेंढ्या राखणाऱ्या घरांची एक वस्ती आहे. वस्तीच्या वर झरा. माणसं आणि जनावरं त्याच्यावरच जगतात. त्या झऱ्याभोवती एकाएकी तारेचं कुंपण पडलं. जमीन विकली गेली, एवढंच कळलं. कुणी विकली ते कुणी सांगेना. बाईंनी कुंपण घालणाऱ्याविषयी लिहायला सुरुवात केली. त्याच्या पाठीशी कोण आहेत, निवडणुकीत त्याच्या गाड्या कुणासाठी फिरल्या, सगळं सरळ लिहिलं.

मग कचेरीत फोन यायला लागले. शिवी नाही, धमकी नाही. पलीकडचा माणूस बाईंचाच लेख सावकाश, सपाट आवाजात शेवटपर्यंत वाचून दाखवी आणि फोन ठेवी. माझ्या अंगावर काटा यायचा. बाई मात्र ऐकता ऐकता एखादं वाक्य बदलायला हवं होतं म्हणून कागदावर टिपून घेत.

पितृपंधरवड्यात एका सकाळी मी दुकान उघडायला निघालो होतो. धुकं इतकं, की वेल्ह्याकडे वळणाऱ्या फाट्यावरचा फ्लेक्स अगदी जवळ गेल्यावर दिसला. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' खाली हार घातलेला बाईंचा फोटो. त्याखाली 'शोकाकुल : समस्त ग्रामस्थ'. मी तिथेच उभा राहून आंबवड्याला फोन लावला. बाईंनीच उचलला. मी फ्लेक्सवरचा मजकूर वाचून दाखवला.

त्या पहिल्या एस.टी.नं आल्या. फ्लेक्ससमोर बराच वेळ उभ्या होत्या. "फोटो बरा आलाय," म्हणाल्या. मग एक पाऊल पुढे सरकून निरखून पाहिलं. फोटोत त्यांची मान वळलेली होती, मागे वस्तीचा उतार दिसत होता, अंगावर निळी साडी होती, गेल्या खेपेला वस्तीवर नेसलेली.

"हा मी ऐकत असताना काढलाय," त्या हळूच म्हणाल्या. "जो बोलत होता, त्यानंच."

कचेरीत येऊन त्या लगेच लिहायला बसल्या. दुपारच्या आत बातमी लिहून दिली : 'आमच्या संपादकांच्या निधनाचा फलक लागला आहे. आम्ही खात्री करून घेतली. संपादक हयात आहेत.'

पण फ्लेक्स जे करून गेला ते बातमीनं पुसलं नाही. ओळखीचा कंडक्टर त्यांच्याकडे न बघता तिकीट फाडी. शेजारी बसलेली बाई उठून मागे जाऊन बसे. नसरापूरच्या बाजारात त्या आल्या की गलका कमी होई. कुणी काही म्हणत नसे. फक्त वाट करून देत, जरा जास्तच रुंद.

त्याच पंधरवड्यात आम्ही दोघं वस्तीवर गेलो. भर दुपार होती. घराघरांतून चुलीचा धूर येत होता, कोकरं ओरडत होती, पण दारं सगळी बंद. बाईंनी पहिल्याच दारावर हाक मारली. बऱ्याच वेळानं आतून म्हातारीचा आवाज आला.

"बाय, तुमी गेला म्हनून सांगितलंय आमाला."

"कुणी सांगितलं?"

बाई दाराकडे पाठ करून पायरीवर बसल्या आणि समोरच्या डोंगराकडे बघत राहिल्या. मला निघावंसं वाटत होतं. धुकं उतारावरून खाली सरकत होतं, कोकरंही गप्प झाली. आणि दारामागून तोच आवाज पुन्हा आला, आता अगदी फळीला तोंड लावल्यासारखा.

"देवाम्होरं शपत घ्यायला लावली आमाला. कुना जित्या मानसाला सांगायचं न्हाई म्हनून. गेलेल्याला सांगू नगा, असं कुनी म्हनलं न्हाई."

बाई हलल्या नाहीत. म्हातारी बोलू लागली. मग शेजारच्या दारामागून एका पुरुषाचा आवाज आला, मग पलीकडच्या घरातून कुणाच्या तरी सुनेचा. कुणाचे अंगठे कसे घेतले, घरकुलाच्या नावाखाली कशावर घेतले, कोण गाडीतून आलं होतं. उजेडात एकही तोंड दिसत नव्हतं आणि वस्ती बोलत होती. एक पोरगेला आवाज रडत म्हणाला, "फोटू म्या काडला. माजी गहान पडल्याली म्हस सोडवायची व्हती."

बाई म्हणाल्या, "सुटली का?"

"व्हय."

"मग झालं."

निघताना पायरीवर पत्रावळीवर भाकरी आणि भाजी ठेवलेली होती, पितरांना ठेवतात तशी. बाईंनी ती बसून खाल्ली.

नावं न घालता सगळं छापलं. चौकशी लागली, मोजणी झाली आणि झऱ्याचं कुंपण निघालं. बाईंचं मरण मात्र निघालं नाही. पुढेही त्या वस्तीनं त्यांच्याशी दारं लावूनच बोलणं ठेवलं. येताना त्या एस.टी.त म्हणायच्या, "इतकं खरं मला जिवंतपणी कुणी सांगितलं नव्हतं." पण त्या हडकत चालल्या होत्या. पुण्यात लेकीनं तपासण्या केल्या, तेव्हा उशीर झाला होता. गेल्या वर्षी त्या गेल्या. निधनवृत्त मी लिहिलं. पुष्कळांनी फोन करून विचारलं, खरं का?

मी वस्तीवर सांगायला गेलो. त्याच पहिल्या दारावर हाक मारून सांगितलं, "बाई वारल्या. मी त्यांच्या लेकीकडे जाऊन आलो." मग कडी निघाली. इतक्या वर्षांत मी तो चेहरा पहिल्यांदा पाहिला. एका डोळ्यात फूल पडलेली, वाकलेली म्हातारी. तिनं मला आत बोलावलं, कोरा चहा दिला आणि माझ्यासमोर बसली. मागोमाग शेजारची दारं उघडल्याचे आवाज आले.

"झऱ्याच्या वरल्या अंगाला परत जमीन मोजायला आली व्हती कुंपनवाल्याची मानसं," ती म्हणाली. "शपत ऱ्हाऊ द्या आता. लिवून घ्या."

मी मोबाईल काढला. सवयीनं म्हटलं, "नाव घालणार नाही."

"घाला की," ती म्हणाली. "ठकूबाई."