पट्टीखालची फट

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत धाकट्या बहिणीचा विट्याहून फोन आला. "आक्का, रविवारी यायचंच. पोरीचा कार्यक्रम हाय. डोळं बांधून वाचून दाखवणार हाय ती."

मी सांगलीच्या एका कॉलेजात गणित शिकवते. बहिणीचे यजमान दक्षिणेतल्या एका शहरात सोनं गाळायचं दुकान चालवतात, सणावाराला घरी येतात. पोरीचं सगळं बहीणच बघते. कुणी चांगलं म्हणून सांगितलं की त्या क्लासला पोरीचं नाव घालते. त्यात तिची माया आहे, हे मला तेव्हाही कळत होतं.

पोर दहा वर्षांची. आदल्या मे महिन्यात माझ्याकडे राहायला आली होती तेव्हा चिंचोक्यांशी खेळता खेळता तिला एक गंमत सापडली. एक, तीन, पाच, सात असे विषम आकडे ओळीनं मिळवत गेलं की दर वेळी चिंचोक्यांचा पुरा चौरस होतो. मी विचारलं, "पुढंही होईल कशावरून?" ती चिडली. दुसऱ्या दिवशी तिनं चौरसाच्या दोन बाजूंना काटकोनात नवी ओळ लावली आणि म्हणाली, "मावशी, नव्या ओळीला आधीच्यापेक्षा दोनच जास्त लागत्यात. एक ह्या टोकाला, एक त्या टोकाला. म्हणून चुकणारच न्हाई."

ते 'म्हणून' ऐकण्यासाठी मी इतकी वर्षं खडू हातात धरून उभी आहे. वर्गात शंभर जण सूत्र पाठ म्हणतात. 'म्हणून' एखादीच म्हणते.

कार्यक्रम मंगल कार्यालयात होता. मेंदूची सुप्त शक्ती जागी करणारा वर्ग, असं फलकावर लिहिलेलं. वर्ग चालवणारे गृहस्थ कोट घालून व्यासपीठावर. मला पाहताच त्यांनी माईकवर जाहीर केलं, "आज आपल्यात गणितातल्या डॉक्टर मॅडम आहेत. विज्ञानाच्या साक्षीनं प्रयोग होणार आहे." मला न विचारता त्यांनी मला साक्षीदार करून टाकलं. माझं डोकं तिथंच तापायला लागलं.

मुलं ओळीनं आली. प्रत्येकाच्या डोळ्यांवर काळी पट्टी. हातात रंगीत कार्डं, त्यांवर आकडे. मुलं कार्ड पोटाजवळ धरत, हनुवटी जराशी वर करत, आणि वाचत. टाळ्या. माझी भाची आली, तिनंही हनुवटी वर केली. नाकाच्या दोन्ही अंगांना पट्टी टेकत नाही, तिथून खालचं स्वच्छ दिसतं. आंधळी कोशिंबीर खेळलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं. पहिल्या रांगेत इंजिनिअर होते, शाळेचे शिक्षक होते, एक डॉक्टरीणबाई होत्या. कुणाचाही हात वर गेला नाही.

कार्ड पोरीच्या डोक्यामागं धरा, एवढं म्हटलं असतं तरी खेळ संपला असता. पण मग भर सभेत तोंडघशी पडली असती ती दहा वर्षांची पोर. कोटवाले सहीसलामत सुटले असते. म्हणून मी व्यासपीठावर गेले आणि म्हटलं, "तुम्ही स्वतः वाचून दाखवा."

"मॅडम, वयाच्या पंधरा वर्षांनंतर ही शक्ती बंद होते. मोठ्यांना जमत नाही."

"मग मला बांधा पट्टी. मी पन्नाशी ओलांडलीय."

त्यांना नाही म्हणता येईना. पट्टी बांधली. मी कार्ड पोटाजवळ धरलं आणि वाचलं. हिरवं, त्यावर सात. दुसरं पिवळं, त्यावर चार.

सभागृहात टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांनी माझ्या अंगाची जी आग झाली ती सांगता येत नाही. लोकांना वाटलं, मॅडमचीही शक्ती जागी झाली. मी पट्टी काढून माईक घेतला. म्हटलं, "मला कसलीही शक्ती मिळालेली नाही. नाकाजवळच्या फटीतून दिसतं. घरी जाऊन रुमाल बांधून बघा. गणितात मोठ्यात मोठा दावाही एका उलट्या उदाहरणानं पडतो. आत्ता ते उदाहरण मी तुमच्यापुढं उभी आहे."

कोटवाले हसले. "मॅडम अपवाद आहेत. विदुषी आहेत."

मागून एक निवृत्त सुभेदार उठले. "बाई, ल्हान पोरांचं मनोबल कशाला तोडताय? विज्ञानाला तरी कुठं सगळं कळतंय?"

"ह्याच्यापुरतं कळतं," मी म्हटलं. पण तोवर माईक काढून घेतला होता.

घरी भाकरी थापता थापता बहीण म्हणाली, "चार लोकांत नाक कापलंस माजं. तुला दुसऱ्याचं चांगलं बगवत न्हाई."

मी मागच्या पायरीवर जाऊन बसले. भाची शेजारी येऊन बसली.

"मावशी, मला पयल्या दिवसापास्नं खालनं दिसत हुतं."

"मग सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की. सर म्हनले, दिसतंय न्हवं, मग त्योच आतला डोळा. बाकीची पोरं व्हय म्हनली. मग मीबी म्हनले."

मला रडू आलं ते रागाचं. चुकीचं गणित मी दुरुस्त करू शकते, आयुष्यभर तेच केलंय. पण पोरीला दिसत होतं, कळत होतं, आणि एका मोठ्या माणसानं तिला स्वतःच्या डोळ्यांविरुद्ध साक्ष द्यायला शिकवलं. माझ्या वर्गात पहिल्या बाकावरचं पोरगंही मला फळ्यापाशी अडवू शकतं, आणि ते बरोबर असेल तर मला पुसावं लागतं. ह्यापेक्षा वेगळं विज्ञान मला माहीत नाही.

बहीण पुढं दोन-तीन महिने बोलली नाही. मग एका दुपारी तिचा फोन आला. मोबाईलवर त्या वर्गाची जाहिरात फिरत होती. तिच्यात मी पट्टी बांधून कार्ड वाचतेय, टाळ्या वाजताहेत, आणि खाली ओळ: गणिताच्या प्राध्यापिकेनेही घेतला अनुभव. पुढचं माझं बोलणं कापून टाकलेलं.

"मी तितंच हुते की," बहीण म्हणाली. "तू फटीचं बोलल्यालं कुटं गेलं? त्या मानसाला आत्ताच फोन लावून इचारलं. म्हनला, ताई, एडिटिंगमदी गेलं. म्हटलं, माज्या पोरीला खोटं बोलाय लावलं ते कशात गेलं?"

त्या दिवसापासून पोर तिथं जात नाही. वर्ग मात्र चालू आहे. मी लेखी तक्रार केल्यावर जाहिरात काढली, पण तोवर ती वडूजपासून आष्ट्यापर्यंत पोचली होती. अजूनही अनोळखी आईबापांचे फोन येतात. "मॅडम, तुमीबी वाचलं म्हनं. आमच्या पोराला घालू का?" प्रत्येक वेळी संताप येतो. तो गिळून मी त्यांना रुमाल आणायला सांगते, स्वतःच्या डोळ्यांवर बांधायला लावते आणि फोन कानाला धरून थांबते.