बाबलोची उशी

काल नातीला इंजेक्शन देताना नर्सने स्पिरिटचा बोळा फिरवला आणि त्या वासासरशी मी थेट बाबलोच्या खाटेपाशी जाऊन पोचलो.

बाबलो आणि मी सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक चालवायचो. त्याच्या फुप्फुसाभोवती पाणी भरायचं. ते काढलं की चार दिवस बरे जायचे, मग पुन्हा धाप. त्या दुपारी तिसऱ्यांदा काढायचं होतं. समोरच्या टेबलावर उशी ठेवून डॉक्टर म्हणाले, "पुढे वाका, हलू नका." बाबलोने उशी कवेत घेतली आणि कपाळ टेकलं. खाणीच्या लायनीत अडकलो की आम्ही स्टिअरिंगवर असेच डोकं टेकून पडायचो. पुढे ट्रक, मागे ट्रक, गाडी वळवायलाही जागा नाही. लायन सुटली की मागचा हॉर्न मारून उठवायचा.

पाठीत सुई गेली. त्याने माझं मनगट आवळलं. बाटलीत पिवळं पाणी उतरत होतं आणि मला नुसतं तिथून पळायचं होतं.

"परत भरतलें मरे?" पाणी पुन्हा भरेल का, असं तो उशीतूनच विचारत होता.

"ना रे. आतां सुटलो तूं."

तेव्हा वाटलं, याने मला अडकवून ठेवलंय. त्याला धरायला दुसरं काहीच नव्हतं, हे आज कळतं.

चौथ्या वेळी त्याचा निरोप आला. ट्रिप चुकवता येत नाही, असं मी कळवलं. त्या दिवशी लायनीत मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. लायन सुटली, मागून हॉर्न वाजत राहिले, आणि मला मान वर करवेना.