लोणच्याच्या कारखान्याचं करधोरण

उर्शुला पेंदेराक तेहतीस वर्षं पोलंडमधल्या कालिश गावच्या काकडी-लोणच्याच्या कारखान्यात मुख्य हिशेबनीस होती. आकड्यांखेरीज तिच्या हातून कधी काही लिहिलं गेलं नव्हतं. वाढदिवसाच्या कार्डावरही ती नुसती तारीख आणि सही टाकायची. त्यामुळे मोठ्या कंपन्यांनी आपलं करधोरण शब्दांत लिहून वर्षअखेरीच्या आत संकेतस्थळावर टाकावं, असा नवा नियम आला तेव्हा तिचं धाबं दणाणलं.

"साहेब, आपलं करधोरण काय आहे हो?" तिने मालकाला विचारलं.

झेनोन कुबित्स्की नव्या बरणीतली काकडी चाखत होता. "तुम्हीच की, बाई!"

"असं लिहून चालायचं नाही."

"मग वॉर्सातल्या सल्लागारांना विचारा."

सल्लागारांनी चाळीस पानी नमुना धाडला. 'कंपनी जागतिक करविश्वात जबाबदारीने मार्गक्रमण करते.' कंपनीचा ट्रक जवळच्या पोझनान शहराच्या पलीकडे कधी गेला नव्हता. उर्शुलाने नमुना बाजूला सारला आणि दोन रविवार स्वयंपाकघरात बसून दीड पान लिहिलं. कर वेळेवर भरतो. कळलं नाही तर कर कार्यालयाला विचारतो. पळवाटा शोधायला सवड नाही.

'जोखीम' या मथळ्याशी मात्र ती अडली. शेवटी तिने खरं तेच लिहिलं: सगळं एकाच बाईला माहीत आहे आणि ती जूनमध्ये निवृत्त होते आहे. हे साहेबांना तोंडावर सांगायचा तिला धीर होत नव्हता. सही करताना वाचतील, परस्पर कळेल.

झेनोनने न वाचताच सही ठोकली. उर्शुलाला असा राग आला की तिने तो कागद जसाच्या तसा संकेतस्थळावर चढवला.

चौथ्या दिवशी व्हिनेगरवाल्या व्यापाऱ्याने झेनोनला फोनवर विचारलं, "काय रे, बाई चालल्या म्हणे?"

झेनोन धावतच तिच्या खोलीत आला. "मला हे बाहेरच्यांकडून कळावं?"

"तुमच्या सहीच्या बरोबर वर छापलंय, साहेब."

तो मटकन खुर्चीत बसला. "मला फक्त काकडी कळते हो, बाई," तो हळूच म्हणाला. ओरडा खायची तयारी करून बसलेल्या उर्शुलाने समोरची खातेवही त्याच्याकडे सरकवली.

"मग शिका," ती म्हणाली. "शुक्रवारी दहाला या. वही घेऊन."

बासष्टाव्या वर्षी झेनोन खरंच वही घेऊन आला. मार्चपर्यंत तिने त्याला दोनदा नापास केलं.