बाईंच्या गाडीसाठी केलेला रस्ता

ती गाडी मला आवडली होती, खोटं कशाला बोलू? पिवळीधमक, बुटकी, दोनच दारांची, मागे डिकीवर शेपटीसारखा पंख आणि पोटावरून काळा पट्टा. यजमान शिरवळच्या कारखान्यात होते. त्यांच्या एका साहेबांच्या मुलानं हौसेनं ती घेतली आणि वर्षभरात तो परदेशी गेला. साहेबांना दारातली जागा मोकळी करायची होती. कंपनीनं असल्या मोजक्याच गाड्या काढल्या होत्या. आपली कितवी, तो आकडा स्टिअरिंगशेजारच्या पत्र्यावर कोरलेला होता. साहेब म्हणाले, "लिमिटेड एडिशन आहे, वहिनी. अख्ख्या जिल्ह्यात दुसरी दिसायची नाही."

माझ्या माहेरी आणि सासरी मिळून बी.ए., बी.एड. झालेली मी पहिली. जिल्ह्यात दुसरी दिसायची नाही, हे वाक्य मला फार गोड लागलं.

यजमान एवढंच म्हणाले, "अगं, दोनच दारं. मागचे काय खिडकीतून उतरणार?"

मी राहायला भोरला आणि माझी शाळा वेल्ह्याला. तोवर माझं निम्मं आयुष्य कापूरहोळला आणि नसरापूरला एसटीची वाट बघण्यात गेलं होतं. वेल्ह्याची गाडी चुकली की अर्धी रजा मांडायची. आता दारात स्वतःची गाडी आली. पण शर्यतीसाठी जन्मलेल्या त्या गाडीला आमचा रस्ता मानवेना. खड्डा चाकाला लागायच्या आधी माझ्या कमरेला लागायचा. डब्यातली आमटी रोज पिशवीत सांडायची, मग मी सुकी भाजी न्यायला लागले. गतिरोधक आला की शेजारी बसलेल्या सहशिक्षिकेला उतरवायचं, गाडी तिरकी करून हळूच पलीकडे न्यायची आणि तिला पुन्हा बसवायचं. नसरापूरच्या स्टँडवरचा रसवाला रोज विचारायचा, "बाई, गाडी धुऊन उन्हात टाकलीवती काय? आखडली म्हणून इचारतो."

मी काच वर करायचे. मनातून मात्र बरं वाटायचं. लोक गाडी बघत होते आणि गाडीत मी होते.

त्या वर्षी दहावीच्या माझ्या वर्गात एक मुलगी होती. डांबरी रस्त्यापासून वर डोंगरात तिची वाडी. वाडीतून दहावीपर्यंत आलेली ती पहिली पोरगी. गणितात हुशार म्हणावी अशी नव्हती, पण चिवट होती. एक उदाहरण पाच वेळा चुकलं तर सहाव्यांदा वही पुढे करायची. मला तिच्यात काय दिसत असेल ते सांगायला नको.

एरवी ती वाडीतल्या लहान पोरांबरोबर चालत शाळेला यायची. परीक्षेच्या दिवसांत बाकीची शाळा सकाळची झाली आणि तिला एकटीनं जंगलातून यायची वेळ आली. वडील म्हणाले, एकटी पाठवणार न्हाई. मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले. त्यांनी चहा दिला आणि शांतपणे सांगितलं, "बाई, मे महिन्यात तिचं लगीन धरलंय. सारोळ्याची माणसं हायती, चांगली. त्यांचं म्हणणं, पोरगी दहावी पास असली तर पुढं शिकवू, न्हाईतर घरकाम हायच. आता तुमी नेणार-आणणार असाल तर देऊ द्या पेपर."

"नेते की. गाडी आहे माझी," मी म्हटलं.

आमचीच शाळा परीक्षेचं केंद्र होती. पर्यवेक्षणाला बाहेरगावचे शिक्षक यायचे, त्यामुळे सकाळी मी मोकळी असायचे. पहिल्या पेपरांना मी गाडी डांबरीवरून थोडी आत, हातपंपापाशी लावली. पुढचा चढ म्हणजे नुसते धोंडे. मुलगी पॅड छातीशी धरून खाली उतरायची, आम्ही वेल्ह्याला जायचो आणि दुपारी मी तिला तिथंच आणून सोडायचे. सगळं नीट चाललं होतं.

पण वाडीला ते नीट वाटलं नाही. आपल्या पोरीसाठी बाई भोरवरून येतात आणि वाडीच्या पायथ्याशी उन्हात ताटकळत उभ्या राहतात, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली. मला कुणी काही बोललं नाही. गणिताच्या पेपराच्या सकाळी मी हातपंपापाशी पोचले तर तिथं दहा-बारा माणसं उभी. घमेली, टिकाव अजून हातातच. मुलीचे वडील टोपी सारखी करत पुढे आले.

"आता खाली थांबायचं न्हाई, बाई. रस्ता केलाय तुमच्या गाडीला."

मी वर बघितलं. धोंडे गायब झाले होते. तांबड्या मुरमाचा ताजा रस्ता थेट वाडीपर्यंत गेला होता, चोपून बसवलेला. आदल्या दिवशी सगळी वाडी त्यावर राबली होती. पावसाचं पाणी दोन्हीकडे वाहून जावं म्हणून त्यांनी नेहमीच्या रीतीप्रमाणे मधे दगड रचून, वर मुरूम टाकून रस्ता मधोमध चांगला उंच घेतला होता. रस्ता करावा तर असाच. बैलगाडीला, ट्रॅक्टरला, जीपला त्याचं काहीच नसतं. त्यांची पोटं उंच असतात.

माझ्या गाडीचं पोट जमिनीपासून वीतभरही उंच नव्हतं.

मी म्हटलं, "दादा, रस्ता फार छान झालाय. पण आज पेपर आहे. आज राहू द्या, उद्या आणते वर."

"पेपर अकराला हाय. टायम लई हाय," कुणीतरी म्हणालं.

वाडीतले सगळ्यांत म्हातारे बाबा काठी टेकत पुढे आले. त्यांच्या हातात नारळ होता. "म्या हितं जन्मलो. वाडीत मोटार आल्याली म्या अजून बघितली न्हाई, पोरी."

आता यावर नाही म्हणणारी जीभ कुठून आणायची? मी एक चाक कडेला आणि एक चाक उंचवट्यावर ठेवून गाडी वर नेली. एकदा खालून खरडल्याचा आवाज आला, पण निभावलं. वर नारळ फुटला. गाडीला हळदकुंकू लागलं. मुलगी लाजत पुढच्या सीटकडे आली, तेवढ्यात वडील म्हणाले, "हातपंपापर्यंत बाबांना बसवू या. पयल्या गाडीत मोठ्या माणसानं बसावं लागतं."

पुढची सीट दुमडून बाबांना मागे सरकवलं. ते एकटे कसे बसणार म्हणून वडील बसले. मग बाबांचे धाकटे भाऊ, तेही सत्तरीचे. वरून धोतर, काठ्या आणि तंबाखूचा वास. गाडी बसली. म्हणजे खरोखरच खाली बसली, मला ते सीटमधून कळलं. मुलगी माझ्या शेजारी बसली. मी घड्याळाकडे बघितलं आणि उतार उतरायला निघाले.

वळणावर एक चाक मऊ मुरमात घसरलं आणि गाडी मधल्या उंचवट्यावर दगडावर ठेवलेल्या कासवासारखी टेकली. खालून कडाड आवाज आला. चाकं जागच्या जागी फिरायला लागली.

"दाबा, बाई, दाबा!" मागून बाबा ओरडले.

मी इंजिन बंद केलं. मुलगी उतरली, सीट दुमडली. पण बाबांचा पाय भावाच्या धोतरात अडकलेला, वडील दोघांच्या मधे. तिघं हसत होते. "आत घालताना सोपं होतं की रं!" त्यांना बाहेर काढण्यातच किती वेळ गेला. तोवर माणसं धावत आली. त्यांनी चारी बाजूंनी हात घातले, "हेऽऽ बोला" केलं आणि ती अख्खी गाडी पेटीसारखी उचलून कडेला ठेवली. टाळ्या झाल्या. "झालं, बाई! मारा स्टार्टर."

गाडी होती त्या जागी तांबड्या मुरमावर काळं तेल पसरत चाललं होतं. इंजिनाखाली तेलाचं भांडं असतं, गॅरेजवाले त्याला चेंबर म्हणतात. ते फुटलं होतं. तेलाशिवाय इंजिन चालू केलं की ते जागीच जाम होतं, एवढं मला ठाऊक होतं.

"तेलच ना? पंपाचं हाय घरात," एकजण म्हणाला आणि पळतही सुटला. आणलेलं तेल वरून ओतलं असतं तर खालून गेलं असतं. हे मी त्यांना समजावत बसले नाही. वाडीतली एकुलती मोटारसायकल सकाळीच नसरापूरला गेली होती. मोबाईलला तिथं रेंज नव्हती. मी मुलीचा हात धरला आणि आम्ही खाली पळालो. नव्या रस्त्यावर पाय फार सोपे पडत होते.

डांबरीवर आलो तर वेल्ह्याची एसटी नुकतीच गेली होती. विटांचा एक टेम्पो आला, तो उलट्या दिशेचा. ती हळू आवाजात सूत्रं म्हणत होती. मधेच थांबून विचारायची, "बाई, किती वाजले?" मी कमी करून सांगायचे. शेवटी एक भाजीची जीप मिळाली. दुधी भोपळ्यांच्या पोत्यांवर बसून आम्ही गेलो.

साडेअकरानंतर वर्गात घेत नाहीत. आम्ही पोचलो तेव्हा पावणेबारा होत आले होते. केंद्रसंचालक बाहेरचे होते, माणूस वाईट नव्हता. "मॅडम, तुम्हीच शिक्षिका आहात. मी काय करू, तुम्हीच सांगा." ज्या शाळेत मी रोज शिकवत होते, तिच्याच व्हरांड्यात मी परक्यासारखी उभी होते. आतून कागद उलटल्याचे आवाज येत होते. मुलगी रडली नाही. तिनं पॅडची क्लिप दोनदा उघडली आणि मिटली.

उरलेले सगळे पेपर तिनं दिले. रोज वाडीतलं कुणी ना कुणी तिच्याबरोबर चालत यायचं. पुढच्याच दिवशी वडील आले. ते ओरडतील, निदान एक शब्द लावतील, असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "तुमी तरी काय करणार? आमी तरी काय केलं वंगाळ? रस्ताच केला." यात चूक कुणाची धरायची?

गाडी कितीतरी दिवस वाडीतच पडून राहिली. त्याच कंपनीच्या साध्या गाडीचं चेंबर हिला बसेना, कारण हिचं इंजिन मोठं. भोरचा मिस्त्री म्हणाला, "मॅडम, मोजक्या गाड्या म्हंजे मोजकेच पार्ट." शेरडांनी नाचू नये म्हणून वाडीनं गाडीभोवती काटेरी फांद्या लावल्या आणि वर ताडपत्री घातली. मी बघायला गेले की मला चहा मिळायचा. शेवटी कुणाच्या तरी मोडलेल्या तसल्याच गाडीचं चेंबर पुण्याहून मिळालं आणि ती चालू झाली.

निकालात मुलगी बाकी सगळ्या विषयांत पास होती. लग्न ठरल्याप्रमाणे आधीच मे महिन्यात झालं होतं. गणिताचा पेपर ऑक्टोबरमध्ये देता येत होता. म्हणून मी सारोळ्याला तिच्या सासरी गेले. सासूबाईंनी आदरानं पाट मांडला. "बाई, आमची ना न्हाई. पण आता खुरपणी चाललीय, मग भुईमूग येईल. तिला कुठं सवड हाय, तुमीच बघा." मी बी.ए., बी.एड. आहे. मला वाद घालता येतो. समोरून कुणी वादच घालत नव्हतं.

मी उठले. मुलगी डोक्यावरचा पदर सावरत अंगणापर्यंत आली.

"मी पुन्हा येईन बोलायला," मी म्हटलं.

"वाडीनं लई मनाला लावून घेतलंय, बाई. तुमी तिकडं जात जावा," ती म्हणाली.

मी गाडी मागे घ्यायला लागले. अंगणाच्या तोंडाशी दगडगोटे होते. ती गाडीच्या मागे गेली, गुडघ्यावर बसली, मान वाकवून गाडीच्या पोटाखाली बघत राहिली आणि एका हातानं मला खुणावू लागली.

"येऊ द्या, बाई. येऊ द्या. खाली काय न्हाई."