मालकीणबाईंचा ट्रायल लॉट

“साहेब, विचारायचं ते मला विचारा,” दीर म्हणाले. “वहिनीला काय कळतंय त्यातलं?”

मी निफाडच्या एका शिलाई युनिटमध्ये बसलो होतो. आमच्या कारखान्याचे हँडग्लोव्ज इथून येत. परदेशी कस्टमरची अट होती, की काही खरेदी महिलांच्या मालकीच्या लहान उद्योगांकडून व्हावी. कागदावर जी बाई मालक आहे ती कामातही मालक आहे ना, हे जाऊन पाहायचं, याला ऑडिट म्हणायचं. ते पर्चेसकडे, म्हणजे माझ्याकडे.

इथल्या मालक सुनंदाताई. सही त्यांची, कारभार नवऱ्याचा. अशी युनिट्स पुष्कळ. ऑडिटला ताई खुर्चीत बसत, नवरा मागे उभा राहून उत्तरं देई, मग सगळ्यांचा चहा होई. उन्हाळ्यात नवरा हार्ट अटॅकने गेला. आता खुर्चीमागे दीर होते.

“मालेगावचं कापड कोणाकडून घ्यायचं, हे कोण ठरवतं?” मी ताईंना विचारलं.

“हे ठरवायचे. आता नाय माहीत.”

नियमाने इथे फुली. पण त्याच आठवड्यात मी किराणा दुकानात उभा होतो. दुकानदाराने विचारलं, “काका, तूरडाळ कोणती देऊ?” सगळी नोकरी खरेदी खात्यात काढलेला मी डब्यांवरच्या पाट्या वाचत राहिलो. घरी कोणती येत होती, मला ठाऊक नव्हतं. जिला विचारायचं, ती जानेवारीत गेली होती.

“ताई, ठरवायला शिकाल?”

दीर हसले. “आता? या वयात?”

“शिकीन,” ताई म्हणाल्या. “भाऊजी, तुम्ही जरा बाहेर बसा.”

आमचे प्लांट हेड पाटील साहेब वैतागले. “दिराला चालवू द्या की. नाव बाईचंच आहे ना?”

“मग तो महिला उद्योग म्हणून दाखवता येणार नाही, सर.”

“बरं, ट्रायल लॉट घ्या. नापास झाला तर ऑर्डर बंद.”

ट्रायल लॉट म्हणजे परीक्षेपुरता थोडा माल. तो आला. कापड ताईंनी स्वतः निवडलं होतं, ते विरळ निघालं. अंगठ्याची शिवण ओढली की कापडासकट सुटायची.

पाटील साहेबांचा सूर आता बदलला. “घेऊन टाका हो. विधवा बाई आहे. रिपोर्टमध्ये छान दिसेल.”

पण ते घालून पोरं प्रेसशॉपमध्ये धारेचा पत्रा उचलणार होती. मी उसवलेले नमुने ठेवून बाकीचा लॉट परत पाठवला आणि साहेबांकडून ताईंसाठी आणखी एक संधी मागून घेतली.

संध्याकाळी दिरांचा फोन आला. “तुमच्याही घरात नुकतंच झालंय, साहेब. तुम्हाला तरी कळायला पाहिजे होतं.”

मी फोन ठेवला. घरात बोलायला दुसरं कोणी नव्हतं.

सकाळी ताई एकट्याच एसटीने आल्या, आमच्या गेटवर उभ्या. “उसवलेला एक ग्लोव्ह द्या मला. घट्ट वीण म्हणून गळ्यात मारलं त्या कापडवाल्या मेल्यानं. त्याच्या पेढीवर जाऊन आपटते.”

पुढचा लॉट पास झाला. दीर आता डिलिव्हरीचा टेम्पो चालवतात. ऑर्डरसाठी ताई मलाच फोन करतात, कामापुरतं बोलतात आणि ठेवतात. माझा फोन वाजतो तो बहुधा तेवढ्यासाठीच.

खात्यातल्या नव्या मुलांना मी एवढंच सांगतो: मालक कोण, हे ऑडिटच्या दिवशी कळत नाही. माल परत पाठवा आणि गेटवर कोण येतं ते बघा.