टोचमावशीची खोली

टोचमावशीने जन्मात कुणाला सुई टोचली नाही. टोचायची ती नर्स. मावशी फक्त बाळाचे पाय घट्ट धरायची. पण पोरांना एवढा फरक कुठून कळणार? ती बाजारात दिसली तरी पोरं आईच्या मागे दडून भोकाड पसरायची. "अरे, कांदे आहेत हातात," असं ती पिशवी उघडून दाखवायची. कोण ऐकतंय! मीही त्या रडणाऱ्यांतलाच.

टपाल कचेरीच्या मागची एक खोली, हाच आमचा बाळांचा दवाखाना. वजनाचा काटा, टेबल, भिंतीला लागून बाक. डॉक्टरबाई आठवड्यातून दोनदा यायच्या. मावशी त्याआधी येऊन फरशी पुसायची आणि काट्याचं पारडं गार लागू नये म्हणून त्यावर दुपटं घालून ठेवायची.

मग शहराच्या दुसऱ्या टोकाला, पुलापलीकडे, खास मुलांसाठी मोठी इमारत उभी राहिली. काचेच्या पेट्या, श्वास देणारी यंत्रं, रात्रंदिवस डॉक्टर. आमची खोली बंद झाली. नर्सची बदली तिकडे झाली, डॉक्टरबाई निवृत्त झाल्या. खोलीत मोडके पलंग येऊन पडले आणि त्यांची राखण मावशीच्या गळ्यात पडली.

तिने तक्रार केली नाही. करणार तरी कशी? तिच्या लेकीला सातव्या महिन्यातच मुलगा झाला तो त्याच इमारतीत. "मूठभर जीव होता गं," ती सांगायची, "काचेतून बघायची मी, श्वास घेतोय की नाही तेही कळायचं नाही." तिथल्या एका तरुण डॉक्टरने त्या पोराला जगवलं. ती जुनी खोलीच असती तर नातू हाती लागला नसता, हे मावशीला पक्कं ठाऊक होतं.

पण बायका खोलीकडे यायच्या थांबल्या नाहीत. "इथे नाही गं आता. दोन बस बदलून पुलापलीकडे जा," मावशी दारातून सांगायची. काही जायच्या. काही "काम आटपलं की जाते" म्हणत घरचा रस्ता धरायच्या. ते जाणं काही खरं नाही हे तिला चालीवरूनच कळायचं. पण हात धरून तरी किती जणींना नेणार?

एका दुपारी मागच्या गल्लीतली शिवणकाम करणारी आली. कडेवर मुलगी, मान खांद्यावर टाकलेली.

"मावशी, कालपासून जुलाब होतायत हिला. आता पाणीही पोटात ठरत नाही. तुम्ही बघा ना."

"मी काय बघणार बाई? मी पाय धरणारी."

"मग पाय धरा, पण काहीतरी करा!"

मावशीने मीठ-साखरेचं पाणी चमच्याने पाजलं. ते उलटून पडलं. तेव्हा तिने खोलीला कुलूप घातलं आणि दोघी बसमध्ये बसल्या. बस बदलताना रिक्षा शोधली, मिळाली नाही. पुलावर दुरुस्ती चालू होती. गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. मुलगी मघापासून कण्हत होती, ती गप्प झाली. "झोपली बघ," मावशी म्हणाली. तिला बरंही वाटलं. खिडकीतून ऊन येत होतं, म्हणून तिने मुलीच्या तोंडावर पदर धरला.

इमारतीच्या दारात उतरल्यावर सगळे धावले. यंत्रं लावली, छाती दाबली, काही करायचं ठेवलं नाही. शेवटी बाहेर आला तो तोच तरुण डॉक्टर. "थोडं आधी आणायला हवं होतं," एवढंच म्हणाला. रागाने नाही, खाली बघून. ज्याच्या पाया पडावं असं मावशीला वाटायचं, त्याच्यावर ती ओरडणार तरी कशी?

काही दिवसांनी ती, खोली पुन्हा उघडा म्हणायला, दवाखान्यांच्या मोठ्या साहेबांकडे गेली. साहेबांनी बसायला खुर्ची दिली. "मावशी, खोली उघडायची तर नर्स हवी. तिकडेच कमी पडतायत. तिथली एक इकडे आणली तर तिकडच्या पेटीतल्या बाळाकडे कोण बघणार?"

 मावशीच्या डोळ्यांसमोर नातूच आला. ती उठली आणि "बरं" म्हणून बाहेर पडली.

शिवणकाम करणारीने तिला कधी बोल लावला नाही. भेटली की उलट तीच विचारायची, "मावशी, जेवलात का?" मावशीला ते ऐकवत नसे. मग ती गल्ली टाळून लांबून जाऊ लागली.

पुढे निवृत्त होईपर्यंत मावशीने एक केलं. फारच आजारी बाळ दिसलं की राखण सोडून त्या आईबरोबर स्वतः बसने जायची. त्यापायी दोनदा बोलणीही खाल्ली. काही बाळं वाचली. पण ती एकीला घेऊन गेली की मागे दुसरी यायची, दाराला कुलूप बघायची, थोडा वेळ पायरीवर बसायची आणि बाळाला घेऊन घरी परतायची. टपालवाला संध्याकाळी मावशीला तसं सांगायचा. ती कोण होती, कुठल्या गल्लीतली होती, हे मात्र त्यालाही सांगता यायचं नाही.